फर्स्ट, सेकंड, थर्ड: इंग्रजी क्रमवाचक शब्दाची जात कशी ओळखायची

'फर्स्ट' या शब्दाची जात कोणती, असं विचारलं की बहुतेक जण 'विशेषण' म्हणून मोकळे होतात. 'द फर्स्ट चॅप्टर' एवढ्यापुरतं ते बरोबरच आहे. पण 'शी अराइव्ह्ड फर्स्ट' यात तोच शब्द क्रियाविशेषण होतो, 'अ फर्स्ट फॉर द टीम' यात नाम होतो आणि 'द फर्स्ट ऑफ देम' यात सर्वनामाचं काम करतो. 'सेकंड' तर क्रियापदही होतो. शब्द सुटा धरून जात सांगता येत नाही. तो वाक्यात कुठे बसलाय आणि कोणासाठी राबतोय, ते बघावं लागतं.

मराठी बोलणाऱ्याजवळ यासाठी एक चांगलं हत्यार आहे. इंग्रजीत 'फर्स्ट'चं रूप बदलत नाही, पण मराठीत काम बदललं की रूप बदलतं: पहिला, पहिली, पहिल्यांदा, आधी. 'थर्ड'चा तिसरा होतो, तिसरी होते आणि अपूर्णांकात शिरला की तृतीयांश होतो. वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहिलं तर बऱ्याच ठिकाणी जात आपोआप उघडी पडते. दोन-तीन ठिकाणी हे हत्यार दगा देतं, त्या जागा पुढे येतीलच.

आधी नावांचा घोळ मिटवू. पारंपरिक इंग्रजी व्याकरणात शब्दांच्या आठ जाती आहेत आणि त्यांत 'संख्या' नावाची जात नाही. मराठी व्याकरणात आपण क्रमवाचक शब्द संख्याविशेषणांत टाकतो, तसंच जुन्या इंग्रजी व्याकरणातही त्यांना विशेषणांत जागा मिळाली. पुढे 'डिटरमिनर' हा वेगळा गट आला: 'द', 'माय', 'धिस', 'एव्हरी' यांसारखे, नामाच्या आधी येऊन 'कोणतं' किंवा 'किती' हे पक्कं करणारे शब्द. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ सालच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात क्रमवाचक शब्द 'पोस्टडिटरमिनर' म्हणजे डिटरमिनरच्या पाठोपाठ येणाऱ्या गटात आहेत. 'नेक्स्ट' आणि 'लास्ट' हेही तिथेच, कारण त्यांची वागणूक तीच. म्हणून एका शब्दकोशात 'थर्ड'पुढे विशेषण लिहिलेलं सापडतं, दुसऱ्यात डिटरमिनर आणि तिसऱ्यात नुसतं 'ऑर्डिनल नंबर'. यातलं एक चूक आणि बाकी बरोबर असा प्रकार नाही, वर्गीकरणाची चौकट वेगळी आहे एवढंच. उत्तर लिहिताना समोरची यादी बघा. यादीत आठच जाती असतील तर नामाआधीच्या क्रमवाचकाला विशेषण म्हणा, डिटरमिनर हा पर्याय दिलेला असेल तर तो निवडा.

पहिली पायरी: पुढे नाम आहे का?

क्रमवाचक शब्दाच्या उजवीकडे बघा. 'द थर्ड डोअर', 'हर सेकंड अटेम्प्ट', 'अवर फर्स्ट टू लेटर्स'. पुढे नाम आहे आणि 'कितवं?' या प्रश्नाचं उत्तर मिळतंय, म्हणजे विशेषण. मराठीत हा शब्द लिंगवचनाप्रमाणे बदलतो: तिसरं दार, दुसरा प्रयत्न, पहिली दोन पत्रं. रूप असं नामाशी जुळत असेल तर शंकेला जागा नाही.

नाम लगेच शेजारीच असेल असं नाही. इंग्रजीतला क्रम ठरलेला आहे: आधी 'द' किंवा 'माय', मग क्रमवाचक, मग गणनावाचक (एक, दोन, तीन), मग गुणविशेषण आणि शेवटी नाम. 'द फर्स्ट थ्री लाँग लेटर्स'. मराठीतही 'ती पहिली तीन लांबलचक पत्रं' हाच क्रम, त्यामुळे इथे सहसा चूक होत नाही. क्रमवाचक आणि गणनावाचक यांची अदलाबदल मात्र अर्थ बदलते. 'द फर्स्ट टू प्रायझेस' म्हणजे ओळीने पहिली दोन बक्षिसं. 'द टू फर्स्ट प्रायझेस' म्हणजे पहिल्या क्रमांकाची बक्षिसंच दोन आहेत. तिथे 'फर्स्ट प्राइझ' हा एकजीव शब्दसमूह झालाय.

गुणविशेषणाला 'मोअर' किंवा 'व्हेरी' लागतं, क्रमवाचकाला लागत नाही. 'मोअर थर्ड' असं काही नसतं. अपवाद 'द व्हेरी फर्स्ट', पण तिथे 'व्हेरी'चा अर्थ 'खूप' नसून 'अगदी' असा आहे. अगदी पहिला म्हणता येतं, खूप पहिला म्हणता येत नाही. 'व्हेरी लास्ट' चालतं, 'व्हेरी थर्ड' चालत नाही.

या पायरीवर खरी गडबड होते ती आर्टिकलची. सर्वसाधारण नियम 'द'चा: मोजलेल्या रांगेतली तिसरी वस्तू एकच असते, म्हणून 'द थर्ड डोअर'. पण 'अ थर्ड अटेम्प्ट' हेही शुद्ध आहे आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. 'द थर्ड अटेम्प्ट' म्हणजे ठाऊक असलेल्या प्रयत्नांतला तिसरा. 'अ थर्ड अटेम्प्ट' म्हणजे दोन झाले, आता आणखी एक. 'अ सेकंड चान्स', 'अ सेकंड ओपिनियन' यांत 'अ' येतो तो याच 'आणखी एक'मुळे. 'माय फर्स्ट जॉब' यात 'माय'नेच 'द'चं काम केलंय, 'द माय फर्स्ट जॉब' होत नाही. 'ॲट फर्स्ट साइट', 'फर्स्ट एड' अशा ठरून गेलेल्या शब्दसमूहांत आर्टिकल नसतंच.

नामाच्या मागे गणनावाचक आलं की 'द' गळतं: 'द थर्ड चॅप्टर', पण 'चॅप्टर थ्री'. 'द चॅप्टर थ्री' ही नेहमीची चूक आहे. राजांच्या नावात उलटा प्रकार दिसतो. लिहिताना नावापुढे नुसता रोमन अंक असतो, वाचताना 'चार्ल्स द थर्ड' म्हणायचं. इथे क्रमवाचक नामाच्या मागे बसलाय, तरी जात विशेषणाचीच.

'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव सीन इट' या वाक्यात 'फर्स्ट टाइम' म्हणजे 'पहिल्यांदा', म्हणून काही जण 'फर्स्ट'ला क्रियाविशेषण म्हणतात. इथे मराठी फसवते. 'टाइम' हे नाम समोर उभं आहे, त्यामुळे 'फर्स्ट' विशेषणच. 'फॉर द फर्स्ट टाइम' हा अख्खा शब्दसमूह क्रियाविशेषणाचं काम करतो, हे वेगळं. शब्दाची जात आणि शब्दसमूहाचं काम या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की उत्तर चुकतं. जाता जाता, या रचनेत 'आय ॲम सीइंग' चालत नाही, 'हॅव सीन'च लागतं.

दुसरी पायरी: नंतर नाम नाही, पण आधी 'द' किंवा 'अ' आहे

'आय रेड द फर्स्ट बट नॉट द सेकंड.' पुढे काहीच नाही. आता शब्दामागे 'वन' लावून बघा: 'द फर्स्ट वन', 'द सेकंड वन'. अर्थ तसाच राहिला, म्हणजे आधी उल्लेख झालेलं नाम इथे गाळलंय. याला सर्वनाम म्हणणारे आहेत आणि नामासारखं वापरलेलं विशेषण म्हणणारेही आहेत. आठ जातींच्या उत्तरात 'सर्वनाम' लिहिलेलं चालतं, कारण तो नामाच्या जागी आलाय.

'शी वॉज द फर्स्ट टू नोटिस' हीही त्यातलीच रचना, फार उपयोगाची. मराठीत 'लक्षात येणारी ती पहिली' असं म्हणतो, त्या 'णारी'मुळे इंग्रजीत 'नोटिसिंग' लिहायचा मोह होतो. इथे क्रियापदाआधीचा 'टू' (दोन नव्हे) आणि मूळ क्रियापद हवं. माणसं अनेक असली तरी 'दे वेअर द फर्स्ट टू नोटिस', 'फर्स्ट्स' नाही.

'वन' लावल्यावर अर्थ मोडला, किंवा शब्दाला 'एस' लागून अनेकवचन होत असेल, तर ते पक्कं नाम. 'दॅट वॉज अ फर्स्ट फॉर द टीम' म्हणजे संघाच्या बाबतीत असं प्रथमच घडलं. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत 'शी गॉट अ फर्स्ट' म्हणजे पदवीला प्रथम श्रेणी मिळाली. गाडी 'इन थर्ड' असते तेव्हा 'थर्ड' हे गिअरचं नाव. कारखान्यातला किंचित दोष असलेला माल 'सेकंड्स', आणि जेवताना पुन्हा वाढून घेतलेलंही 'सेकंड्स'. पाश्चात्त्य संगीतात दोन स्वरांमधल्या अंतराला 'अ थर्ड', 'अ फिफ्थ' म्हणतात. आपला 'पंचम' आठवा. मुळात तो 'पाचवा', पण स्वराचं नाव होऊन बसल्यावर त्याला कोणी विशेषण म्हणत नाही. षड्जापासून पंचमापर्यंतचं अंतर इंग्रजीत 'फिफ्थ' असावं, हे काही योगायोगाने झालेलं नाही: दोन्हीकडे माणसांनी सुरुवातीच्या स्वरासकट पाच मोजले.

वेळेचा 'सेकंद'ही असाच जन्मला. लॅटिनमध्ये तासाचे साठ भाग म्हणजे पहिले बारीक भाग, त्यातल्या एकेकाचे पुन्हा साठ म्हणजे दुसरे बारीक भाग. 'बारीक'साठीच्या शब्दातून 'मिनिट' आलं आणि 'दुसरा'साठीच्या शब्दातून 'सेकंड'. 'जस्ट अ सेकंड' यातला शब्द आज निव्वळ नाम आहे.

तिसरी पायरी: अपूर्णांक आहे का?

'अ थर्ड', 'टू फिफ्थ्स', 'सेव्हन टेन्थ्स'. छेद सांगणारा क्रमवाचक शब्द इंग्रजीत नाम असतो, आणि पुरावा त्याच्या शेपटीलाच आहे: अंश एकाहून मोठा झाला की 'एस' लागतो. मराठीत 'दोन तृतीयांश' म्हणताना 'तृतीयांश'चं रूप बदलत नाही, त्यामुळे आपल्याकडून 'टू थर्ड' असं अर्धवट लिहिलं जातं. 'टू थर्ड्स' म्हणजे एकतृतीयांशाचे दोन तुकडे. तुकडे मोजताय, तर अनेकवचन हवंच.

छेद दोन असेल तर 'सेकंड' नाही, 'हाफ'. छेद चार असेल तर 'क्वार्टर', अमेरिकेत 'फोर्थ'सुद्धा. पण छेदाच्या उच्चारात शेवटी 'टू' आला की (थर्टी-टू, बारा नव्हे) 'सेकंड' परत येतो: एक बत्तिसांश म्हणजे 'वन थर्टी-सेकंड'.

अपूर्णांकापुढचं क्रियापद 'ऑफ'नंतरच्या नामाकडे बघून ठरतं. 'टू थर्ड्स ऑफ द वॉटर इज', पण 'टू थर्ड्स ऑफ द चेअर्स आर'. 'थर्ड्स'मधला 'एस' बघून सगळीकडे 'आर' लावू नका.

चौथी पायरी: आर्टिकल नाही, आणि शब्द क्रियापदाच्या वळचणीला आहे

'वॉश युवर हँड्स फर्स्ट.' मराठीत 'आधी हात धू'. 'व्हेन आय फर्स्ट सॉ इट', मराठीत 'मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा'. 'फर्स्ट, देअर इज नो टाइम', मराठीत 'एक तर वेळ नाही'. तिन्ही ठिकाणी क्रियाविशेषण, आणि मराठीत तीन निरनिराळे शब्द.

आता एक बारकावा. हे तिन्ही अर्थ फक्त 'फर्स्ट'ला आहेत. 'सेकंड' आणि 'थर्ड' क्रियाविशेषण होतात ते मुद्दे मोजताना किंवा शर्यतीतला क्रमांक सांगताना. 'व्हेन आय सेकंड सॉ इट' असं इंग्रजीत होत नाही, तिथे 'फॉर द सेकंड टाइम' म्हणावं लागतं. 'फर्स्ट' कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये सहज जाऊन बसतो, इतरांना तिथे मज्जाव आहे.

'शी केम थर्ड', 'ही फिनिश्ड सेकंड' या वाक्यांवर वाद होतात आणि तो वाद मराठीमुळे आणखी पेटतो. आपण 'ती तिसरी आली', 'तो दुसरा आला' म्हणतो. रूप कर्त्याशी जुळतं, म्हणजे मराठीत ते सरळसरळ विशेषण. इंग्रजीत 'कम' आणि 'फिनिश' यांच्यानंतरच्या क्रमवाचकाला शब्दकोश सहसा क्रियाविशेषण म्हणतात, तेच उत्तर लिहावं. 'शी वॉज थर्ड' यात मात्र 'वॉज' आहे, तिथे विशेषण म्हणणंच रास्त.

'द सेकंड टॉलेस्ट ट्री' यात 'सेकंड' झाडाबद्दल बोलत नाही, 'टॉलेस्ट'बद्दल बोलतो: उंचीत दुसऱ्या क्रमांकाचं. 'टॉलेस्ट' काढून बघा, 'द सेकंड ट्री' म्हणजे रांगेतलं दुसरं झाड, भलतंच. विशेषणाला विशेष करणारा शब्द म्हणून हेही क्रियाविशेषणाचंच काम.

'फर्स्टली', 'सेकंडली' फक्त मुद्दे मांडायला. 'वॉश युवर हँड्स फर्स्टली' चूक, 'शी केम फर्स्टली' चूक. मुद्दे मांडताना 'फर्स्ट, सेकंड, थर्ड' किंवा 'फर्स्टली, सेकंडली, थर्डली', एक धोरण धरा आणि शेवटपर्यंत निभवा. मुद्दे चार-पाचांच्या पुढे गेले की 'ली'ची रूपं अवघडल्यासारखी वाटतात, तेव्हा साधीच रूपं बरी.

आणि 'ॲट फर्स्ट' म्हणजे 'सर्वप्रथम' नव्हे. 'ॲट फर्स्ट आय लाइक्ड इट' म्हटलं की पुढे 'पण नंतर' येणार, अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते. मुद्द्यांची यादी 'ॲट फर्स्ट'ने सुरू केली की वाचणारा शेवटपर्यंत त्या 'पण'ची वाट बघत राहतो.

पाचवी पायरी: भूतकाळ होतो का?

'आय सेकंड द प्रपोजल', 'शी सेकंडेड इट'. काळ बदलला, 'ईडी' लागलं, म्हणजे क्रियापद. मराठीत अनुमोदन देणं. प्रमाण भाषेत ही मुभा फक्त 'सेकंड'ला आहे. ब्रिटिश इंग्रजीत याच अक्षरांचं आणखी एक क्रियापद आहे, कर्मचाऱ्याला काही काळासाठी दुसरीकडे कामाला पाठवणं, आणि त्याचा उच्चार 'सिकाँड' असा, दुसऱ्या अवयवावर जोर देऊन होतो. वाचताना दोन्ही सारखेच दिसतात, अर्थावरून ओळखावं लागतं.

'दुसरा' नावाचा चकवा

मराठीत 'दुसरा' शब्दाला दोन अर्थ आहेत: क्रमाने दोन नंबरचा आणि हा नव्हे तो, वेगळा. 'मला दुसरं पेन दे' यात क्रम कुठेच नाही. त्यामुळे 'गिव्ह मी द सेकंड पेन' म्हटलं तर ऐकणारा पेनं मोजायला लागेल. तिथे 'अनदर पेन' हवं, दोनच असतील तर 'द अदर पेन'. नियम सोपा आहे: मराठी वाक्यात 'दुसरा'च्या जागी 'वेगळा' बसत असेल तर 'सेकंड' वापरू नका.

जुन्या इंग्रजीचं नेमकं आपल्यासारखंच होतं, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आजच्या 'अदर'चा पूर्वज तेव्हा 'वेगळा' आणि 'दोन नंबरचा' असे दोन्ही अर्थ वाहत होता. पुढे फ्रेंचमधून 'सेकंड' आला, मूळ लॅटिन अर्थ 'मागून येणारा', आणि त्याने क्रमाचं काम उचललं. म्हणून 'फोर' आणि 'फोर्थ' सख्खे दिसतात, पण 'टू' आणि 'सेकंड' यांचं काही नातं लागत नाही. जुन्या अर्थाची खूण 'एव्हरी अदर डे'मध्ये उरलीय. एक दिवसाआड म्हणजे 'एव्हरी अदर डे' किंवा 'एव्हरी सेकंड डे', दोन्ही एकच.

'कितवा' इंग्रजीत नाही

क्रमवाचक शोधण्याचा आपला प्रश्न 'कितवा?' हा आहे आणि इंग्रजीत त्याला एक शब्द नाही. 'हाऊ मेनी' घेऊन बसलात की वाक्य अडतं, कारण तो 'किती?'. 'हा कितवा धडा?' म्हणजे 'व्हिच चॅप्टर इज धिस?'. 'तू कितवी आलीस?' म्हणजे 'व्हेअर डिड यू फिनिश?' किंवा 'व्हॉट प्लेस डिड यू कम?'. उत्तरात क्रमवाचक येणार हे संदर्भावरून कळतं, प्रश्नात त्याची खूण नसते. शब्दाशब्दाचं भाषांतर इथे सोडूनच द्यावं.

लिहिताना

जोडसंख्येत फक्त शेवटचा भाग बदलतो: 'ट्वेंटी-फर्स्ट', 'हंड्रेड अँड थर्ड'. स्पेलिंगमध्ये घात करणारे पाच. 'फाइव्ह'मधलं व्ही जाऊन 'फिफ्थ'मध्ये एफ येतं आणि शेवटचा ई गळतो, 'ट्वेल्फ्थ'मध्येही तसंच. 'नाइन्थ'मध्येही ई गळतो. 'एट्थ'मध्ये टी एकच लिहायचा. 'ट्वेंटी'सारख्या शब्दातला वाय जाऊन आय आणि ई येतात, मग टी-एच. अंकापुढची अक्षरं शेवटच्या उच्चारावरून: १ ला एस-टी, २ ला एन-डी, ३ ला आर-डी, बाकी टी-एच. ११, १२, १३ यांना मात्र टी-एचच, कारण उच्चारात 'फर्स्ट', 'सेकंड', 'थर्ड' येतच नाहीत. १११ आणि ११२ लाही तेच लागू, २१ ला मात्र पुन्हा एस-टी.

जोडरेघही कामाची असते. 'सेकंड हँड' हा घड्याळातला सेकंदकाटा, 'सेकंड-हँड' म्हणजे वापरलेलं. जोडरेघ असली की दोन शब्दांचं मिळून एक विशेषण होतं, तिथे 'सेकंड'ची सुटी जात विचारण्यात अर्थ नाही.

आता सगळ्या पायऱ्या एकाच शब्दावर लावून बघा. शब्द आहे 'थर्टी-सेकंड'. 'द थर्टी-सेकंड ब्रेक ऑफ द डे': पुढे नाम आहे, 'ऑफ द डे'मुळे दिवसातली विश्रांती कितवी हे कळतं, बत्तिसावी, विशेषण. 'अ थर्टी-सेकंड ब्रेक': पुढे तेच नाम, पण 'अ' आलाय. बत्तिसावी आणखी एक, असं कोणाला म्हणायचं नाही, म्हणजे इथे 'सेकंड' हे वेळेचं नाम असून 'थर्टी'शी जुळून विशेषण झालंय: तीस सेकंदांची विश्रांती. 'थ्री थर्टी-सेकंड्स ऑफ ॲन इंच': 'एस' लागलाय, अपूर्णांक, नाम, तीन बत्तिसांश. 'शी फिनिश्ड थर्टी-सेकंड': आर्टिकल नाही, 'फिनिश'च्या मागे, क्रियाविशेषण, बत्तिसावी आली. आणि 'शी फिनिश्ड इन थर्टी सेकंड्स' यात जोडरेघ नाही, 'इन' आहे, 'थर्टी' आणि 'सेकंड्स' हे दोन वेगळे शब्द आहेत. इथे क्रमवाचक उरलेलाच नाही, फक्त घड्याळ आहे.